शेजारच्या रेणूचे व्होल्ट

पाण्याचे दोन रेणू एकमेकांना धरून असतात ते हायड्रोजन बंधाने. एकाचा किंचित धन हायड्रोजन दुसऱ्याच्या किंचित ऋण ऑक्सिजनकडे ओढला जातो, एवढंच. ही जोडी सोडवायला साधारण 20 किलोज्यूल प्रति मोल पुरतात. रेणूच्या आतला ओ–एच बंध तोडायला 460च्या आसपास लागतात. ओढ मुख्यतः विद्युत स्वरूपाची, म्हणजे विद्युत क्षेत्र लावून ती कमी-जास्त करता यायला हवी. येतेही. पण त्याला लागणारं क्षेत्र अफाट आहे.

हवेत मीटरला सुमारे 30 लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. पाण्याच्या रेणूचा द्विध्रुव, म्हणजे त्याच्या धन-ऋण टोकांच्या विभागणीचं माप, 1.85 डिबाय (हे त्याचं एकक). इतक्या क्षेत्रात त्याला मिळणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला असलेल्या औष्णिक ऊर्जेच्या जेमतेम 220वा हिस्सा भरते. तो वळू पाहतो, तोवर शेजारी धक्के मारून त्याला भरकटवतात. शिवाय द्रव पाण्यातला हायड्रोजन बंध टिकतोच मुळी पिकोसेकंदभर, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. ‘चार्ज केलेलं’ पाणी विकणारे हा हिशेब सांगत नाहीत.

खरा फरक पडतो नॅनोमीटरला 1 व्होल्टच्या आसपास, म्हणजे मीटरला 100 कोटी. तिथे हीच ऊर्जा 3.7 किलोज्यूल प्रति मोल होते. औष्णिक ऊर्जा 2.5. असं क्षेत्र स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या टोकाखाली मिळतं, कारण तिथे व्होल्ट थोडे असले तरी अंतर नॅनोमीटरहून कमी असतं. त्याहून सोपा मार्ग निसर्गाने वापरलाय: शेजारी एक आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा रेणू, ठेवा. निर्वातात एकभारी आयनापासून 0.3 नॅनोमीटरवर 16 व्होल्ट प्रति नॅनोमीटर भरतात.

स्टॅनफर्डच्या स्टीव्हन बॉक्सर यांच्या गटाने 2014 मध्ये हे क्षेत्र एका विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये, मोजलं. कीटोस्टेरॉइड आयसोमरेज या विकराच्या खाचेत बसलेल्या रेणूचा सी=ओ बंध हाच त्यांचा व्होल्टमीटर: क्षेत्र बदललं की त्याची कंपनवारंवारता सरकते. उत्तर आलं नॅनोमीटरला सुमारे 14 व्होल्ट. त्या कामातले सायन बागची पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले.

दिशा मात्र विसरून चालत नाही. क्षेत्र हायड्रोजन देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे असेल तर प्रोटॉन पुढे ढकलला जातो आणि बंध आवळतो. उलट केलं की सैल पडतो. आयोडीनसारख्या मोठ्या, सहज विरूप होणाऱ्या अणूत क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनांचा ढग मागे सरकतो, पुढचं टोक आणखी धन होतं आणि हॅलोजन बंध, म्हणजे हायड्रोजनऐवजी अशा अणूच्या धन टोकाने जुळणारा बंध, बळकट होतो.

रेणूंची ऊर्जा काढणाऱ्या प्रोग्रॅमने संगणकावर हे करून बघणारे बहुतेक जण एकाच जागी फसतात. क्षेत्रात ठेवलेल्या जोडीच्या ऊर्जेतून सुट्या रेणूंची बिनक्षेत्राची ऊर्जा वजा करतात. मग रेणूच्या स्वतःच्या द्विध्रुवामुळे मिळालेली ऊर्जाही बंधाच्या खात्यात जमा होते. सुटे रेणू त्याच क्षेत्रात, जोडीत असतात तसेच वळलेले ठेवून मोजायला हवेत. प्रोग्रॅममधली सममितीची सोय (रेणूचा आकार पाहून गणित सोपं करणारी) बंद ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम अक्ष फिरवतो. एकक तपासा: असे प्रोग्रॅम क्षेत्र बहुधा अणुएककात घेतात, आणि 0.001 अणुएकक म्हणजे नॅनोमीटरला 0.51 व्होल्ट. क्षेत्राच्या चिन्हाचा संकेत प्रोग्रॅमगणिक उलटा असू शकतो. म्हणून आधी एकट्या पाण्याच्या रेणूवर ±0.001 लावून बघा. ऊर्जा कुठल्या बाजूला उतरली, यावरून दिशा कळते आणि उताराचं मूल्य, म्हणजे क्षेत्र बदलल्यावर ऊर्जा किती बदलते ते, द्विध्रुवाशी जुळलं पाहिजे.