कोपर किती वाकलंय, हे सांधा सांगतो का?

डोळे मिटा आणि बोटाने नाकाचा शेंडा गाठा. सहसा चुकत नाही. न बघता हात कुठे आहे हे कळतं कसं? "सांध्यातल्या नसा सांगतात," हे उत्तर एकेकाळी पाठ्यपुस्तकांतही होतं, आणि पटण्यासारखंही आहे. कोन सांध्यात होतो, मग मोजणाराही तिथेच बसलेला असणार!

पण मुख्य बातमीदार स्नायू आहेत. त्यांच्या तंतूंना समांतर, चातीच्या आकाराची बारीक संवेदी इंद्रियं असतात. कोपर सरळ केलं की दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, ताणला जातो आणि त्यासोबत हीदेखील. ताण किती आहे, किती वेगाने वाढतोय, हे मज्जारज्जूमार्गे मेंदूला कळतं.

१९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज या संशोधकांनी बायसेप्सच्या कंडरेला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) सेकंदाला सुमारे १०० कंपनं दिली. कंपनाने ही इंद्रियं स्नायू ताणल्यासारखीच चेतवली जातात. परिणाम मजेशीर होता: न बघणाऱ्या माणसांना कोपर होतं त्यापेक्षा जास्त सरळ वाटलं. मेंदूला सहज गंडवता येतं तर!

शिवाय खुब्याचा सांधा काढून कृत्रिम बसवलेल्यांनाही पायाची स्थिती बऱ्यापैकी ओळखता येते. सांध्यातले संवेदक निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. ते बहुतेक हालचालीच्या टोकाला, सांधा आणखी वळेनासा झाला की, जोरात बोलतात. बोटांच्या बाबतीत ताणली जाणारी त्वचाही साक्ष देते.