दोन बाटल्या, दोन सुस्त्या: व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासेटाम

मुलाला फिट येते म्हणून औषध सुरू झालं की बऱ्याचदा या दोनांपैकी एक बाटली घरात येते. दोन्ही पातळ, दोन्ही बहुधा दिवसातून दोनदा, दोन्ही सुरुवातीला पोराला पेंगवणारी. पहिली गफलत मापात होते. व्हॅल्प्रोएटच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २०० मिलिग्रॅम औषध असतं. लेव्हेटिरासेटामच्या १ मिलीतच १००. औषध बदललं आणि माप तेच राहिलं, तर १० किलोच्या मुलाला सुरुवातीला १ मिली द्यायचं तिथे ५ मिली जातं. म्हणून जुनं टोपण फेकून द्या आणि सुईविना सिरिंजने मोजा.

दुसरी गफलत सुस्तीची, आणि ती जास्त खोल आहे.

व्हॅल्प्रोएट मुळात आठ कार्बनचं मेदाम्ल. शरीर त्याला मेदच समजतं आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जाळायला घेतं. त्यात मेद जाळायला लागणारं कोएन्झाइम-ए अडकून पडतं, मेद मायटोकॉन्ड्रियात वाहून नेणारं कार्निटिन व्हॅल्प्रोएटला चिकटून लघवीवाटे निघून जातं, आणि अंगातल्या मेदाचं रोजचं जळण मागे पडतं. विषारी अमोनियाचा युरिया करून टाकणारं यकृतातलं युरिया चक्र मंदावून रक्तात अमोनियाही चढतो. धडधाकट मुलाला हे बहुधा सोसतं. अमोनिया थोडा चढलेला आणि मूल अंगणात खेळतंय, असं पुष्कळदा असतं; नुसत्या आकड्यावर औषध बदलत नाहीत.

लेव्हेटिरासेटाम या वाटेला जातच नाही. ते मेंदूतल्या एसव्ही२ए या प्रथिनाला धरतं आणि सुमारे दोन तृतीयांश जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. तिथे लक्ष मूत्रपिंडावर ठेवायचं, आणि स्वभावावर: चिडचिड, रडारड, मारकुटेपणा.

ज्या मुलाच्या मायटोकॉन्ड्रिया मुळातच कमजोर आहेत, त्याच्यासाठी हा फरक जीवनमरणाचा ठरतो. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सांभाळणाऱ्या पीओएलजी जनुकात दोष असेल तर व्हॅल्प्रोएटने यकृत निकामी होऊ शकतं. असा दोष माहीत असेल, किंवा मूल दोन वर्षांच्या आतलं असून मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचा संशय असेल, तर ते द्यायचंच नाही. संशय कशावरून? तापानंतर चालणं-बोलणं मागे गेलं, एकच हात तासन्‌तास उडत राहतो, पापण्या पडतात, पाठचं-पुढचं भावंड यकृताच्या आजारात गेलं. औषध लिहिण्याआधी हे विचारलं गेलं नसेल, तर आईवडिलांनी आपणहून सांगावं.

लेव्हेटिरासेटामची सुस्ती सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर येते. हाक मारली की मूल उठतं, खातं, ओळखतं, आणि काही आठवड्यांत ती ओसरते. व्हॅल्प्रोएटची वाईट सुस्ती वेगळी. बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, नीट चाललेलं मूल मलूल होतं, उलट्या करतं, घास नको म्हणतं, तोंडावर सूज येते, आणि थांबलेली फिट परत येते. फिट आली म्हणून इथे डोस वाढवला जातो, तीच मोठी चूक. कावीळ दिसेपर्यंत थांबू नका; यकृताच्या तपासण्या सुरुवातीला ठीकही येऊ शकतात.

अशा वेळी औषध घरी मनाने बंद करायचं नाही, पण पुढचा डोस द्यायच्या आधी, त्याच दिवशी, रुग्णालय गाठायचं. तिथे व्हॅल्प्रोएट थांबवून दुसरं औषध देतात, शिरेतून ग्लुकोज आणि कार्निटिन चढवतात. मूल उपाशी राहिलं की मेद जाळण्याचा भार वाढतो, तेव्हा उलट्या होत असताना 'पोटाला आराम' देत बसू नका.

अमोनियाचं रक्त मात्र जिथे तपासणी होते तिथेच काढावं. अक्कलकुव्यात किंवा नवापुरात काढून धुळ्याला पाठवलेला नमुना बर्फात नसेल, तर वाटेतच त्यातला अमोनिया वाढत जातो, मे महिन्यात तर विचारूच नका. मग खोट्या आकड्यावर खरी धावपळ होते.