कर्नल व्हर्जन नंबर

कर्नल व्हर्जन नंबर म्हणजे लिनक्ससारख्या ओपन सोर्स सिस्टिमवर आत्ता कुठला कर्नल (हार्डवेअर आणि बाकी प्रोग्राम यांच्यामधला सिस्टिमचा गाभा) चालू आहे ते सांगणारी ओळ. टर्मिनलवर 'युनेम -आर' टाकलं की दिसते, उदा. उबुंटू २२.०४ वर ५.१५.०-९१-जेनेरिक.

नवी मुंबईत नुसतं सेक्टर १० म्हणून पत्ता लागत नाही, वाशीत पण सेक्टर १० आहे, नेरूळला पण आणि ऐरोलीला पण, रिक्षावाला आधी नोड, म्हणजे वाशी की नेरूळ असा विभाग, विचारतो. कर्नलच्या नंबरचं अगदी तसंच आहे, डॅशच्या पुढचा आकडा कुठल्या डिस्ट्रोचा (उबुंटू, रेड हॅट, डेबियन, आर्च अशा लिनक्सच्या तयार सिस्टिमपैकी कुठलीचा) ते माहीत नसेल तर तो वाचून काहीच कळत नाही.

डॅशच्या आधीचे आकडे मूळ लिनक्सचे. पहिला फार मनावर घेऊ नका. २.४ च्या काळात दुसरा आकडा सम असला तर स्टेबल आणि विषम असला तर डेव्हलपमेंट असा नियम होता, तो २.६ पासून सुटला, मग २.६ च २०११ पर्यंत ताणत २.६.३९ झालं आणि त्याच्यापुढे थेट ३.०. ४.० (२०१५), ५.० (२०१९) आणि ६.० (२०२२) हे सुद्धा आधीचे आकडे फार वाढले म्हणून आले, तेव्हा काही मोठी क्रांती झाली नव्हती. दुसरा आकडा साधारण ९-१० आठवड्यांनी वाढतो, तिसरा दुरुस्त्यांचा. आणि हे दशांश चिन्ह नाही, ५.१० हा ५.९ च्या नंतरचा, इथे भलेभले चुकतात.

खरी गोची शेपटीत, म्हणजे डॅशच्या पुढे असते. मी महापेला सर्व्हर सांभाळायचो तेव्हा ऑडिटला आलेल्या माणसाने ४.१८.०-५१३ बघून २०१८ चा कर्नल, ताबडतोब बदला असं लिहून दिलं, आणि ते पटवून सांगण्यात आमचे दोन दिवस गेले. रेड हॅट ८ मध्ये ४.१८.० शेवटपर्यंत तसंच राहतं, नव्या कर्नलमधल्या सिक्युरिटी दुरुस्त्या आणि बरेच फीचर्स मागे आणून त्यातच बसवतात, त्याला बॅकपोर्ट म्हणतात. वाढतो तो डॅशनंतरचा आकडा, ८.० ला ८० होता, ८.९ ला ५१३, ८.१० ला ५५३. म्हणून सिक्युरिटीतलं भोक बुजलंय का हे व्हर्जनवरून ठरवूच नये, पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) सीव्हीई नंबर, म्हणजे त्या भोकाला दिलेला ओळख क्रमांक, शोधावा.

उबुंटूत ९१ हा एबीआय नंबर (कर्नल आणि मॉड्यूल एकमेकांना जुळतात का ते सांगणारा), तो बदलला की बाहेरून घातलेले ड्रायव्हर मॉड्यूल परत बिल्ड करावे लागतात. मधला .० कायम शून्यच असतो, आत मूळ कुठलं स्टेबल व्हर्जन आहे ते बघायला प्रॉक फोल्डरमधली व्हर्जन सिग्नेचर फाइल उघडायची. डेबियन १२ मध्ये पण ६.१.०-१८-एएमडी६४ दिसतं पण 'युनेम -व्ही' खरं सांगतो, ६.१.७६-१. आर्चमध्ये मूळ नंबर जसाच्या तसा. फ्रीबीएसडीत (ही लिनक्स नाही, वेगळी ओपन सोर्स सिस्टिम) कर्नल आणि बाकी सिस्टिम एकत्रच रिलीज होते, पण पॅच फक्त बाकी भागाला लागला असेल तर 'युनेम' जुनाच पी-नंबर (पॅचचा आकडा) दाखवतो, घाबरू नका, तिथे 'फ्रीबीएसडी-व्हर्जन' कमांड वापरायची.

आणि एक, अपडेट टाकून रीबूट केलं नसेल तर 'युनेम' जुनाच कर्नल दाखवणार कारण चालू तोच आहे, नवा नुसता डिस्कवर पडलेला असतो.