तळाच्या आधी येणारा प्रतिध्वनी

कोकणातल्या मच्छीमारांकडे खोलीचं माप म्हणजे वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव. दोरीला शिशाचं वजन बांधायचं, तळ लागेपर्यंत सोडायचं आणि दोरीवरून वाव मोजायचे. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ दरम्यान जगभरचे महासागर मोजले तेही मुळात याच रीतीने. तीन-चार किलोमीटर खोल पाण्यात अशा एका मोजणीत तासन्‌तास जात.

आवाज हे काम काही सेकंदांत करतो. १८२६ मध्ये कोलादों आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी जिनिव्हाच्या सरोवरात एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली आणि तेरा-चौदा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीत ती ऐकली. वेग आला सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर. टायटॅनिक बुडाल्यावर, १९१२ नंतर, या ज्ञानाला घाई आली. जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याचं यंत्र केलं, तर रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९१४ मध्ये हिमनगावरून परतलेला आवाज पकडला. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये साठ हजारांहून अधिक ठिकाणी खोली नोंदवली.

या सगळ्यांना हवा होता तो तळ. मधल्या पाण्यातून काही परत आलं तर तो अडथळाच वाटायचा. माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास त्या अडथळ्याचाच आहे.

१९४२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्या शोधण्यासाठी प्रयोग चालू होते. तिथे सोनारवर, म्हणजे आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्रावर, खऱ्या तळाच्या बरंच वर, तीन-चारशे मीटर खोलीवर, एक पट्टा दिसू लागला. तळ म्हणावा तर पाणी त्याहून कितीतरी खोल. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन यांनी त्याच्यावर दिवस-रात्र नजर ठेवली. संध्याकाळी तो पट्टा वर सरकायचा, पहाटे पुन्हा खाली जायचा. म्हणजे तो जिवंत होता! रात्री चरायला वर येणारे छोटे मासे आणि इतर जीव आवाज परतवत होते. त्यातल्या अनेकांच्या पोटात वायूची पिशवी असते, आणि सोनारला दिसते ती मुख्यतः तीच. पाणी आणि वायू यांची घनता व दाबले जाण्याची क्षमता इतकी वेगळी, की इवलासा बुडबुडाही स्वतःच्या आकाराच्या मानाने प्रचंड प्रतिध्वनी देतो. नेमकी वारंवारिता लागली तर तो घंटेसारखा थरथरतो.

मग तळातून निसटणारा वायूही दिसणारच होता. १९७० मध्ये किंग आणि मॅक्लीन यांनी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या तळावर वाटीसारखे खळगे नोंदवले. वर येणाऱ्या वायूने किंवा पाण्याने गाळ उडून ते झाले असावेत, असा अर्थ लागला. गोव्यासमोरच्या तळावरही असे खळगे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नकाशावर आणले आहेत.

१९७७ मध्ये फ्रान्सच्या ‘जाँ शार्को’ जहाजावर आवाजाचे अनेक झोत एकदम सोडणारं सोनार बसलं आणि जहाजाखालचा रुंद पट्टा एका फेरीत मोजता येऊ लागला. पण संगणक प्रत्येक झोतातून तळाचा तेवढा आकडा ठेवायचा आणि पाण्यातलं बाकी सारं टाकून द्यायचा. साठवायला जागाच नव्हती. वायूचे किती झरे असे पुसले गेले असतील, या विचाराने हळहळ वाटते.

२००८ मध्ये आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांच्या पश्चिमेला मासे शोधण्याच्या सोनारवर बुडबुड्यांचे अडीचशेहून अधिक लोट दिसले. पडद्यावर ते उदबत्तीच्या धुरासारखे दिसतात: तळाशी बारीक, वर जाताना प्रवाहाच्या दिशेने कललेले. तापणाऱ्या समुद्राने तळातलं मिथेन हायड्रेट, म्हणजे वायू कोंडलेला बर्फ, वितळतोय अशी शंका तेव्हा मांडली गेली. पुढे २०१४ मध्ये गळणाऱ्या मिथेनमुळे तिथे तयार झालेल्या कार्बोनेट खडकांच्या वयावरून कळलं, की ही गळती निदान तीन हजार वर्षं चालू आहे. सोनार वायू दाखवतं, त्याचं वय सांगत नाही.

२०११ मध्ये अमेरिकेच्या ‘ओकेआनोस एक्सप्लोरर’ने मेक्सिकोच्या आखातात अनेक झोतांच्या सोनारने पाण्यातले बुडबुडे टिपून पाहिले. मग त्याच जहाजाच्या नोंदींतून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यासमोर सुमारे ५७० गळतीची ठिकाणं सापडली. ते निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर तिथे अशी मोजकीच ठिकाणं माहीत होती.

आपल्याकडे बंगालच्या उपसागरात, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, ‘सिंधु साधना’ जहाजावरून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेच मिथेनची चालू गळती शोधली. तळाखाली फार खोल न जाता हायड्रेट मिळालं आणि त्याच्या आसपास, सूर्यप्रकाशाशिवाय, मिथेनच्या आधाराने जगणारे जीवही.