कॅस्पेज किट मागवण्याआधी: पेशी कोणत्या प्राण्याच्या?

'कॅस्पेज-३ किट, एक नग' एवढ्यावर आम्ही ऑर्डर भरत नाही. पेशी माणसाच्या, उंदराच्या, किड्याच्या की वनस्पतीच्या, हे आधी विचारतो. ठाणे, वाशी, नेरूळच्या महाविद्यालयांत प्रकल्पाला मोजके पैसे मिळतात. ते चुकीच्या किटवर जाऊ नयेत म्हणून हे पत्रक.

कॅस्पेज ही प्रथिने कापणारी विकरे. त्यांच्यातले सिस्टीन कापण्याचे काम करते आणि काप पडतो तो ॲस्पार्टेटच्या लगेच पुढे. पेशीत ती निष्क्रिय रूपात आधीपासून असतात. मरणाचा संदेश आला की ८ किंवा ९ क्रमांकाचे कॅस्पेज आधी जागे होते, ते ३ आणि ७ ला कापून चालू करते आणि मग ही दोघे शेकडो प्रथिने कापतात. त्यांतल्या एका कापामुळे डीएनए तोडणारे विकर मोकळे होते. जेलवर साधारण १८० बेसच्या पटीत दिसणारी शिडी त्याचीच.

सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या वाढीत १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात. त्यासाठी लागणारे सेड-३ जनुक माणसाच्या कॅस्पेज-१ शी जुळते, हे १९९३ मध्ये कळले. फळमाशीत अशी सात कॅस्पेजेस आहेत. माणसात १ ते १० आणि १४ ही चालू आहेत. १२ चे जनुक बहुतेक माणसांत अर्धवट तुटलेले आहे. जनुकांच्या प्रती निघत गेल्या त्याच्या खुणा अजून दिसतात: १, ४, ५ ही गुणसूत्र ११ वर शेजारी, तर ८ आणि १० गुणसूत्र २ वर. उंदरात १० नाही, आणि माणसाच्या ४-५ च्या जागी तिथे ११ आहे. म्हणून माणसासाठीचे कॅस्पेज-१० चे प्रतिपिंड उंदराच्या पेशींसाठी मागवू नका.

वनस्पतींत खरी कॅस्पेजेस नाहीतच. तिथल्या मेटाकॅस्पेजेस दूरच्या नात्यातल्या. त्या आर्जिनीन किंवा लायसीनपुढे कापतात. कांद्याच्या मुळांसाठी आमचे डीईव्हीडी किट (डीईव्हीडी म्हणजे कॅस्पेज-३ कापते तो चार अमिनो आम्लांचा तुकडा; तो कापला की पिवळा रंग सुटतो) घेऊन मेटाकॅस्पेज मोजता येणार नाही.

सगळीच कॅस्पेजेस मारेकरी नाहीत, आणि प्रयोगात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. १४ त्वचेचा वरचा थर घडवायला मदत करते. १ दाहाचा संदेश तयार करते आणि गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन कापून पेशीला छिद्रे पाडते. ती पेशी फुगून फुटते. ८ चे तर दुहेरी काम: ते मरण सुरूही करते आणि नेक्रॉप्टोसिस हा दुसरा मार्ग रोखूनही धरते. झेड-व्हीएडी हा सगळ्या कॅस्पेजेसचा अवरोधक टाकल्यावर एल-९२९ या उंदराच्या पेशी वाचण्याऐवजी मरतात ते त्यामुळेच. अवरोधक खराब निघाला असे समजून बाटली परत पाठवू नका.

एमसीएफ-७ या माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये कॅस्पेज-३ चे जनुकच बिघडलेले आहे. तिथे आलेला थोडा पिवळा रंग बहुधा ७ चा असतो, कारण तेही डीईव्हीडी कापते. ३ मोजायचे तर जुरकट किंवा हेला या माणसाच्या पेशी घ्या.

आता प्रत्यक्ष काम. मरणाऱ्या पेशी तळ सोडून तरंगतात. माध्यम ओतून दिले तर ज्या मोजायच्या त्याच जातात. तरंगत्या आणि चिकटलेल्या एकत्र करा. ३० ते ५० लाख पेशींना ५० मायक्रोलिटर थंड लायसिस बफर (पेशी फोडणारे द्रावण), बर्फावर १० मिनिटे, मग ४ अंशांवर १०,००० जी ने फिरवा. प्रथिन डीटीटी (सिस्टीनला ऑक्सिडाइझ होऊ न देणारे रसायन) घालण्यापूर्वीच मोजा, कारण प्रथिन मोजण्याच्या बीसीए पद्धतीत डीटीटी खोटा रंग देतो. १०० ते २०० मायक्रोग्रॅम प्रथिन असलेला ५० मायक्रोलिटर अर्क, तेवढेच दुप्पट तीव्रतेचे रिॲक्शन बफर आणि ५ मायक्रोलिटर सबस्ट्रेट (डीईव्हीडी असलेला, कापल्यावर रंग देणारा पदार्थ), ३७ अंशांवर १ ते २ तास, ४०५ नॅनोमीटरवर रीडिंग. बफरच्या दर मिलिलिटरला १ मोलर डीटीटी १० मायक्रोलिटर, त्याच दिवशी घाला; शिळ्या डीटीटीत सिस्टीन ऑक्सिडाइझ होते आणि विकर कापतच नाही.

हळदीचा अर्क तपासणाऱ्यांसाठी खास सूचना: कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, म्हणजे ४०५ वरचा आकडा नुसता विकराचा नसून हळदीचाही असू शकतो. सबस्ट्रेट न घातलेला पेशींचा अर्क हळदीच्या प्रत्येक मात्रेसाठी वेगळा ठेवा आणि तो आकडा वजा करा. धन नियंत्रण (पॉझिटिव्ह कंट्रोल) म्हणून जुरकटला पेशीमरण घडवणारे स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर, ३ ते ४ तास. नुसत्या २४ तासांच्या नमुन्यावर विसंबू नका. तोवर पेशी फुटून विकर माध्यमात जाते आणि सगळ्या मेलेल्या असूनही आकडा खाली येतो. ४, ८, १६ तासांचे नमुने घ्या.

सबस्ट्रेट डीएमएसओमध्ये आहे, ते साधारण १८ अंशांखाली गोठते. उणे २० मधून काढलेली कुपी पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. पावसाळ्यात थंड कुपी उघडली की हवेतले पाणी आत जमते आणि पुढच्या वेळी मात्रा चुकते.

ऑर्डर देताना पेशींचे नाव आणि रीडरचे (रंग मोजणाऱ्या यंत्राचे) फिल्टर दोन्ही कळवा. रीडरमध्ये ४५० आणि ६३० एवढेच असतील, तर रंगाचे हे किट त्यावर चालणार नाही.