एक रायफल, दोन नळ्या : परवानाधारक ग्राहकांसाठी माहिती

तूर शेंगेला आली की आमच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर मोबाईल ठेवून एकच व्हिडिओ दाखवणारे ग्राहक येतात. जर्मन रायफल, खालून टी-आकाराची चावी फिरते, दोन नट ढिले होतात, नळी उचलून बाजूला, दुसरी जागेवर. "असली आपल्याला मिळंल का?" दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा हे पत्रक.

व्हिडिओत दिसते ती बहुधा ब्लेझर आर८. दस्ता आणि ट्रिगर तेच, नळी बदलली की काडतूस वेगळे. .३०८ आणि .३०-०६ या दोन जातींच्या काडतुसांचे बूड एकाच मापाचे, म्हणून बोल्टचे (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याचे) डोकेही तेच चालते. मॅग्नमला, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाला, तेही वेगळे लागते. खांद्याला एकाच दस्त्याची सवय होते आणि झिजलेली नळी तेवढीच बदलता येते. हा फायदा आम्ही नाकारत नाही.

पण दुर्बीण नळीवर बसते. म्हणजे दुसऱ्या नळीला दुसरी दुर्बीण, नाहीतर दर अदलाबदलीला नव्याने झिरो करत, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवत बसा. त्यात रात्रीची जागल, बॅटरी दातात, खिशात दोन जातींची काडतुसे. चुकीचे काडतूस चुकीच्या नळीत गेले तर जिवावर बेतते.

कागदाची भानगड याहून मोठी. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत हत्याराचा सुटा भागही हत्यारच. जादा नळी परवान्यावर नसेल तर ती विनापरवाना हत्यार ठरू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे. निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा केली आणि नळी कपाटात राहिली, तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल. परवाना नसलेल्या लेथवाल्याकडून नळी आखूड करून घेणे हा तर सरळ गुन्हा. आणि आयात साध्या परवानाधारकाला खुली नाही, तेव्हा आम्ही ही रायफल विकतही नाही.

आमचे मत विचाराल तर शेतराखणीला बारा बोर बरी. नळी तीच, बारीक छर्ऱ्यांपासून एल.जी.पर्यंत (मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस) काडतूस बदला. लांबचा नेम हवा असेल तर इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), वन विभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय चाप ओढू नका. काळवीट दिसले तर बंदूक खाली.

काडतुसे घ्यायला येताना मूळ परवाना आणा. झेरॉक्सवर किंवा मोबाईलमधल्या फोटोवर देता येत नाहीत.