खडा पडला, पण कशामुळे पडला?

मूतखड्याची कळ ज्याने सोसली आहे, तो औषधाच्या बाबतीत कुणाशी वाद घालत बसत नाही. पाठीत, बरगड्यांच्या खाली सुरू होऊन जांघेपर्यंत उतरणाऱ्या त्या कळेत माणूस मिळेल ते घेतो. शेजारी कुळथाचं कढण करून देतात, गावाकडून पानफुटीची पानं येतात, दवाखान्यातून गोळ्या मिळतात. आठ-दहा दिवसांनी लघवीवाटे तांदळाच्या कणीएवढा खडा बाहेर पडतो आणि सगळं श्रेय शेवटी घेतलेल्या उपायाला जातं.

अडचण अशी की बरेच खडे काहीच न घेताही पडतात. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. तीन जागी ती आणखी चिंचोळी होते: मूत्रपिंडातून निघते तिथे, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाते तिथे आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. चार मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेकदा हे तिन्ही टप्पे आपला आपण पार करतो. म्हणून ‘शंभर जणांना दिलं, ऐंशी जणांना गुण आला’ या वाक्याला काही किंमत नाही. औषध न घेतलेल्या तशाच शंभर जणांचं काय झालं, ते आधी कळायला हवं.

ते कळावं म्हणूनच चाचणीत रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करतात. कुणाला खरं औषध आणि कुणाला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळाली, हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत झालेली अशी एक मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. मूत्रवाहिनीत १० मिलिमीटरपर्यंतचा खडा असलेले ११६७ रुग्ण तीत होते. एका गटाला टॅमसुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपीन हे रक्तदाबावरचं औषध आणि तिसऱ्याला रिकामी गोळी मिळाली. चार आठवड्यांत पुढच्या कुठल्याही उपचाराची गरज न पडलेले रुग्ण अनुक्रमे ८१, ८० आणि ८० टक्के होते. मूत्रवाहिनी सैल करून खडा खाली सरकवणारं म्हणून टॅमसुलोसिन त्याआधी कित्येक वर्षं जगभर सर्रास दिलं जात होतं.

विषय तिथे संपला नाही. ‘पुढचा उपचार लागला नाही’ म्हणजे ‘खडा पडला’ असं नसतं. कळ थांबली तरी खडा आत असू शकतो. शिवाय त्या चाचणीतले बरेच खडे लहान होते. २०१८ मध्ये चीनमधल्या ३२९६ रुग्णांच्या चाचणीत फक्त मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातले ४ ते ७ मिलिमीटरचे खडे घेतले. पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांत टॅमसुलोसिनवर ८७ टक्के, तर रिकाम्या गोळीवर ७५ टक्के खडे पडले. आमचं मत असं की खाली उतरलेल्या, पाचाहून मोठ्या खड्याला ही गोळी देण्यात अर्थ आहे. बारीक खड्याला वेदनाशामक आणि धीर पुरतो. मात्र खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तुंबलेल्या मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

खडा पुन्हा होऊ नये यासाठी मात्र साधा, स्वस्त आणि नीट तपासलेला उपाय आहे. इटलीतल्या पार्मा शहरात पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. दिवसाची लघवी दोन लिटरच्या वर राहील इतकं पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. नेहमीसारखं पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. १९९६ च्या या निकालात मोजलं काय, तर लघवी! विदर्भातल्या मे महिन्यात तीन लिटर पाणी पिणाऱ्याची लघवी घामापायी लिटरभरच भरू शकते. खडा होऊन गेलेल्यांना आज दिवसाला अडीच लिटर लघवीचं उद्दिष्ट देतात.

ही चोवीस तासांची लघवी गोळा करतानाच घोळ होतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळातली वेळ लिहायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब डब्यात जायला हवा, शौचाच्या वेळची लघवीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळची लघवी धरून डबा बंद करायचा. दोन्ही सकाळच्या लघव्या धरल्या तर आकडा फुगतो, दोन्ही सोडल्या तर पडतो. प्रयोगशाळा हे लघवीतल्या क्रिएटिनिनवरून ओळखते, कारण स्नायूंत तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ शरीरातून रोज साधारण ठरावीक प्रमाणातच बाहेर पडतो. आणि डबा घरी बसायच्या रविवारी भरू नका. रोजचा प्रवास, रोजचं ऊन त्यात यायला हवं.

खाण्याबद्दल आपल्याकडे दूध-दही बंद करायचा सल्ला अजून मिळतो, आणि तो ऐकून वाईट वाटतं. पार्मातल्याच संशोधकांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं केलेल्या चाचणीत (निकाल २००२) कॅल्शियम कमी केलेल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी, असा आहार घेणाऱ्या ६० पैकी १२ जणांना झाला. ऑक्झलेट हा काही भाज्यांतून येणारा पदार्थ लघवीत कॅल्शियमशी जुळला की खडा बनतो. आतड्यात मात्र कॅल्शियम या ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. दूध बंद केलं की मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तातून लघवीत उतरतं. अळू घशाला खाजतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे; चिंच घालतात ती खाज जावी म्हणून. तेव्हा ज्याला खडे होतात त्याने अळू-पालक बेताने खावं आणि त्याच जेवणात दही-ताक घ्यावं. पापड-लोणचं हात राखून, कारण जास्त मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

पाण्याचा असाच स्पष्ट फायदा स्त्रियांच्या मूत्रमार्गाच्या संसर्गात दिसला आहे. वर्षात तीन किंवा अधिक वेळा जळजळीचा त्रास झालेल्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना बल्गेरियातल्या चाचणीत रोज दीड लिटर जादा पाणी दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. प्रतिजैविकांचे कोर्सही जवळपास निम्म्यावर आले. बाजारात, शेतात, बसस्थानकावर दिवस काढणारी बाई पाणी टाळते ते स्वच्छतागृह नसतं म्हणून. ‘राइट टू पी’ची, म्हणजे बायकांसाठी स्वच्छतागृहांची, मागणी करणाऱ्या मुंबईतल्या कार्यकर्त्या आरोग्याचंच काम करत आहेत, असं आम्ही मानतो.

लहान मुलांत नमुना घेण्यापासूनच प्रश्न सुरू होतो. चिकटवलेल्या पिशवीतल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि नसलेला संसर्ग ‘सापडतो’. तो निश्चित करायला स्वच्छ धारेतला किंवा नळीने घेतलेला नमुना लागतो. लघवी मूत्राशयातून उलट वर चढणाऱ्या ६०७ मुलांवर अमेरिकेत दोन वर्षं चाचणी झाली. निकाल २०१४ चा. रोज थोडं प्रतिजैविक घेणाऱ्यांत पुन्हा संसर्ग निम्म्याने घटला, ३०२ पैकी ३९ जणांना, तर रिकाम्या औषधावरच्या ३०५ पैकी ७२ जणांना झाला. मूत्रपिंडावर व्रण उरण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच राहिलं, आणि पुन्हा झालेल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या संसर्गात औषधाला न जुमानणारे जंतू रिकाम्या औषधावर १९ टक्के, तर प्रतिजैविकावर ६३ टक्के निघाले. हा व्यवहार प्रत्येक मुलाला परवडेलच असं नाही. सर्वांत जास्त फायदा लघवी धरून ठेवणाऱ्या आणि बद्धकोष्ठ असलेल्या मुलांना झाला. घरी आधी तेच पाहावं: दर दोन-तीन तासांनी लघवी, पोट रोज साफ.

प्रौढ पुरुषांच्या प्रोस्टेटबद्दल, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासाबद्दल, एकच आकडा सांगतो. त्रास सात प्रश्नांवर, ० ते ३५ गुणांत मोजतात; जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. सॉ पामेटो या वनस्पतीचा अर्क नेहमीच्या मात्रेपासून तिपटीपर्यंत वाढवत ७२ आठवडे दिला, तेव्हा गुण २.२० ने उतरले. रिकाम्या गोळीवर ते २.९९ ने उतरले.

आपल्याकडे कुणी चाचणीत सामील व्हायला विचारलं, तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का ते पाहा. पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद करणं बंधनकारक आहे आणि संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे. संमतिपत्र मराठीत मागा, एक प्रत जवळ ठेवा. मध्येच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. आणि सहीपूर्वी नोंदीतला ‘मुख्य निष्कर्ष’ हा रकाना वाचून संशोधकाला विचारा: खडा पडला हे तुम्ही कशावरून ठरवणार, माझ्या सांगण्यावरून की सीटी स्कॅनवरून?